कॅटलोचा उजवा हात

विल्फ कॅटलो माझा मेव्हणा होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, एमॉस टॅटरसॉलच्या जिभेला हाड नाही, घरच्या माणसाबद्दल असं लिहितो. घरचा माणूस होता म्हणूनच लिहितो. मी ॲकर्ली टाउनचा गोलकीपर आणि तो माझ्यापुढचा उजवा बॅक. शनिवारी दुपारी मला त्याची पाठ दिसायची आणि रविवारी दुपारी, माझ्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर, त्याचं तोंड. दोन्हींत पाठ बरी, कारण ती बोलत नसे.

महायुद्ध संपल्यावर तो आमच्याकडे आला. त्याआधी साउथपोर्टच्या एका कापडदुकानात रिबिनी कापून द्यायचा. लढाईत आम्ही बाकीचे फ्लँडर्सच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलो होतो तेव्हा हा पठ्ठ्या किनाऱ्यावर सैन्याच्या घोंगड्यांच्या गोदामात होता. चिखल म्हणजे काय ते त्याला माहीतच नव्हतं, आणि फुटबॉलमध्ये येऊनही ते शिकायची त्याची तयारी नव्हती. डोक्याला तेल, मधोमध भांग, आणि चड्डी अशी पांढरीशुभ्र की मॅच संपल्यावरही ती घालून चर्चमध्ये बसता आलं असतं. क्लबचे कपडे धुणारी मिसेस ग्रिमशॉ म्हणायची, "बाकी दहा चड्ड्या धुते. कॅटलोसाहेबांची नुसती इस्त्री करते."

माझी धाकटी बहीण हेटी लहानपणापासून गिरणीत मागावर उभी राहिलेली. तिने आयुष्यात पाहिलेल्या प्रत्येक पुरुषाच्या नखांत तेल किंवा कोळसा होता. कॅटलोला तिने पहिल्यांदा पाहिलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "त्याची नखं बघितलीस का रे?" मी तेव्हाच ओळखलं की ही बुडाली. वर्षभरात लग्न झालं, आणि क्लबने त्यांना आल्बर्ट स्ट्रीटवरचं घर दिलं. पुढे आलेली काचेची खिडकी, घरात न्हाणीघर, मागे गुलाबाची दोन झाडं. घर क्लबचं, जोवर पहिल्या टीममध्ये आहात तोवर तुमचं. हेटी त्या खिडकीच्या काचा रोज पुसायची. बाकीच्या गिरणीकामगार बायका जाता-येता बघत, म्हणून दोनदाही पुसायची.

आता त्याचं कसब सांगतो, कारण सगळं त्यावरच उभं होतं. तेव्हाचा नियम असा, की समोरच्या फॉरवर्डकडे चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये आमची तीन माणसं असायला हवीत. नाहीतर तो ऑफसाइड. एक मी होतोच. दुसरा आमचा डावा बॅक. तिसरा कॅटलो. कॅटलो काय करायचा, चेंडू सुटायच्या बेताला चार पावलं पुढे चालत जायचा, फॉरवर्डला आपल्या पाठीमागे सोडायचा आणि उजवा हात सरळ वर करायचा. बस्स. लाइन्समनचं निशाण वर, रेफ्रीची शिट्टी, खेळ बंद. धावायचं नाही, पडायचं नाही, अंगाला अंग लावायचं नाही. एवढ्यासाठी त्याला टीममधल्या सर्वांत जास्त पैसे मिळायचे.

वेळ मात्र त्याची कधी चुकत नसे, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं. अर्ध्या क्षणाचा हिशेब असतो तो. पुढे पुढे तर लाइन्समन खेळाकडे बघेनासेच झाले. ते कॅटलोच्या हाताकडे बघत उभे राहायचे. हात वर गेला की निशाण वर. देशभर हिंडणारी ती शहाणी माणसं, पण सगळ्यांना त्या हाताची सवय लागली होती.

आणि ॲकर्लीचे लोक! आठवडाभर मागांच्या खडखडाटात बहिरे होऊन शनिवारी शिलिंग मोजून मैदानावर यायचे, ते फुटबॉल बंद पडताना बघायला. समोरचा फॉरवर्ड सुसाट निघालाय, कॅटलोने हात वर केला, शिट्टी झाली, की यांच्या टोप्या हवेत. त्याला 'लॉर्डसाहेब' म्हणायचे आणि तो स्टँडकडे बघून मान तुकवायचा. एकदा त्याला इंग्लंडच्या टीमबरोबर राखीव खेळाडू म्हणून बेलफास्टला नेलं होतं. खेळला नाही. जाताना बोटीवर ओकला आणि येताना बोटीवर ओकला. पण त्या सहलीची हकीकत मी रविवारच्या वजडी-कांद्याबरोबर इतक्या वेळा गिळली आहे की अजून वजडी दिसली की मला बेलफास्ट आठवतं.

आमच्या क्लबचे अध्यक्ष, नगरपालिकेतले आल्डरमन ब्रॅडिल. डुकराच्या मांसाची तीन दुकानं, चॅपलमध्ये पहिला बाक, पोट पुढे आणि घड्याळाची साखळी त्याच्याही पुढे. चेंडूला यांचा पाय जन्मात लागला नव्हता. टीम निवडायचे तेच. दर मंगळवारी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत बोर्ड बसायचं: एक खाटीक, एक दारू गाळणारा, एक सपाता बनवणारा आणि एक प्रेतांच्या पेट्या करणारा. गावात फुटबॉल न कळणारी माणसं शोधून काढून त्यांच्या हाती टीम द्यायची, ही आमच्याकडची रीत आहे आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. ब्रॅडिलसाहेबांना कॅटलो फार आवडायचा. म्हणायचे, "सभ्य माणसासारखा खेळतो. घाम नाही, गडबड नाही." यांना खेळाडू दुकानाच्या काचेत मांडून ठेवण्याजोगा हवा होता.

मग १९२५च्या उन्हाळ्यात वर बसलेल्यांनी नियम बदलला. तीनऐवजी दोन. गोलकीपर आणि आणखी एक माणूस मध्ये असला की पुरे, फॉरवर्ड मोकळा. म्हणजे मी आणि आमचा डावा बॅक मागे उभे असलो, तर कॅटलोने चार पावलं पुढे जावं नाहीतर चाळीस, त्याला कुत्रंही विचारणार नव्हतं.

बातमी आली त्या रविवारी मी मुद्दाम लवकर जेवायला गेलो. म्हटलं, तोंड बघावं. पण तोंड होतं तसंच होतं.

"ख्रिसमसपर्यंत परत बदलतील," तो बटाटे वाढून घेत म्हणाला. "लंडनमध्ये बसून कायदे करतात. एकदा गोलांचा पाऊस पडला की शुद्धीवर येतील."

"गोलांचा पाऊस कोणाच्या डोक्यावर पडणार आहे, ते कळतंय ना?" मी म्हणालो.

"तुला सराव होईल, मेव्हण्या."

हेटी हसली नाही. तिने विचारलं, "तोवर तू काय करणार, विल्फ?"

"तोवर? खेळणार. मी काय धावत सुटू त्या पोरांच्या मागे, खाटकाच्या कुत्र्यासारखा?"

मोसमाच्या पहिल्याच शनिवारी आम्ही सहा गोल खाल्ले. त्यातले चार असे: चेंडू सुटला, कॅटलो रुबाबात चार पावलं पुढे, हात वर, लॉर्डसाहेब उभे. फॉरवर्ड त्याच्या हाताखालून निघून माझ्यापाशी. मी एकटा. लाइन्समन पहिल्या वेळी निशाण अर्धं वर नेऊन परत खाली आणताना दिसला, त्याचीही बिचाऱ्याची सवय मोडायची होती. कॅटलो मात्र गोल झाल्यावरही हात तसाच धरून उभा, जणू तेवढा वेळ धरला तर वरचे ऐकतील. चौथ्या गोलानंतर मी त्याच्या पाठीला उद्देशून जे बोललो ते इथे लिहिता येत नाही.

पुढे दर आठवड्याला तेच. आमचा ट्रेनर नॅट हॉलगेट हा त्या क्लबातला एकच बरा माणूस. त्याने सरावाच्या वेळी कॅटलोच्या उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली दिली. म्हणाला, "सांडली तर परत भरून आणायची." पोरांनी चेंडू पुढे टाकला. कॅटलो चार पावलं गेला आणि बादलीसकट हात वर. डोक्यावरून सगळं पाणी खाली, तेल लावलेल्या भांगातून ओहोळ. आम्ही हसून हसून लोळलो. तो बादलीत डोकावून बघत होता, जणू चूक तिची आहे.

त्या दिवशी घरी जाताना मी त्याला विचारलं, "विल्फ, खरं सांग. मुद्दाम करतोस का तू हे?"

"मी करतच नाही, एमॉस," तो म्हणाला. प्रथमच त्याने मला नावाने हाक मारली. "तो होतो. चेंडू सुटायच्या आत मला कळतं की आता सुटणार, आणि हात गेलेला असतो. मी नंतर बघतो."

"मग धाव तरी. हात वर ठेवून धाव."

"मला धावता येत नाही," तो म्हणाला.

सहा मोसम उजवा बॅक म्हणून पगार घेतलेला माणूस भर रस्त्यात मला हे सांगत होता. माझ्या मनात त्याच्याबद्दल जो काही मान शिल्लक होता, आणि तो एका चहाच्या चमच्यात मावला असता, तोही तिथे सांडला. चांगलं झालं, असं वाटलं. पण मग हेटीची खिडकी आली, हेटी काचेआडून हात हलवत होती, आणि मला ते चांगलं झालं म्हणून वाटून घेता येईना.

लोकांचं काय सांगू? ज्यांच्या टोप्या हवेत उडायच्या, तेच आता त्याने हात वर केला की आरडायचे, "लॉर्डसाहेब, वर काय आहे? पाऊस येतोय का?" आल्बर्ट स्ट्रीटवरून जाणाऱ्या बायका आता खिडकीकडे बघून आपसांत हसायच्या. हेटीने काचा पुसणं सोडलं नाही. फक्त पडदा लावून आतून पुसायला लागली.

ख्रिसमस झाला, नियम बदलला नाही. लीगच्या तक्त्यात आमच्याखाली एकच टीम होती. मग कपची मॅच आली. स्केलबी नावाचं कोळशाच्या खाणींचं एक गाव, आमच्यापेक्षा खालच्या डिव्हिजनचं. ही मॅच हरलो असतो तर गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मंगळवारी बोर्ड बसलं आणि बुधवारी ब्रॅडिलसाहेबांनी कॅटलोला दुकानात बोलावलं. हेटी म्हणाली, तूही जा, तो एकटा गेला तर काय ऐकून येईल देव जाणे. म्हणून मी गेलो.

ब्रॅडिलसाहेब मांसाचा एक मोठा तुकडा गुंडाळून दोऱ्याने आवळत होते. काम चालू ठेवूनच बोलले.

"कॅटलो, बोर्ड म्हणतं तुला आत्ताच काढा. मी म्हटलं, नको, माणूस सभ्य आहे, एक संधी देऊ. शनिवारी खेळ. पण तुझा तो हात एकदा, फक्त एकदा वर दिसला, उजवा असो की डावा, तर पहिली टीम बंद आणि घर खाली करायचं. कळलं?"

"साहेब, मी प्रयत्न करीन. पण हात—"

"साहेब, तो त्याच्या हातात नाही," मी म्हणालो. "डावा बॅक बदला, ह्याला मागे उभा करा, मधल्या फळीतल्या सेंटर हाफला खाली आणा. आता सगळ्या टीमा तेच करायला लागल्या आहेत."

ब्रॅडिलसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सॉसेज बोलायला लागलं. "टॅटरसॉल, मी तुला गोल कसा अडवायचा ते शिकवतो का?" मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हातातल्या दोऱ्याकडे गेलं. दोऱ्याकडून मांसाकडे, मांसाकडून कॅटलोच्या दंडाकडे. चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला फुटबॉलबद्दल एक विचार सुचला होता.

"बांधू या," ते म्हणाले.

शनिवारी कपडे बदलायच्या खोलीत ते स्वतः आले, खिशात दोऱ्याचं रीळ. असल्या खोलीत अध्यक्ष कधी पाऊल टाकत नाहीत; तिथे घामाचा वास येतो. कॅटलो बनियनवर उभा राहिला. साहेबांनी त्याच्या उजव्या दंडाला फास टाकला, छातीभोवती तीन वेढे घेतले आणि पाठीवर गाठ मारली, दुकानात मारतात तशी, एकदा ओढली की सुटायची नाही. वर हॉलगेटने जर्सी चढवली. कोपरापासून खाली हात मोकळा, त्यामुळे बाहेरून काही कळत नव्हतं.

"घट्ट आहे, साहेब," कॅटलो म्हणाला.

"घट्टच हवं. नाहीतर आकार जातो," साहेब म्हणाले. कोणीच हसलं नाही. मला हसू आलं होतं, पण कॅटलोचं तोंड बघून ते घशातच राहिलं. त्याने आरशात बघून भांग नीट केला, डाव्या हाताने.

बर्फ वितळून मैदानाचा नुसता राडा झालेला. स्टँड गच्च, मोठ्या टीमची मॅच असल्यासारखी गर्दी. स्केलबीचा फॉरवर्ड लाल केसांचा, ठेंगणा, खाणीच्या छताला लाकडाचे टेकू लावणारा. पहिल्या दहा मिनिटांतच चेंडू कॅटलोच्या मागे पडला. मी पाहिलं, त्याचा उजवा खांदा उसळला आणि तिथेच अडकला. क्षणभर तो बावळटासारखा उभा राहिला. आणि मग, काय सांगू, तो धावला.

वाईट धावला. गुडघे बाहेर फेकत, एक हात अंगाला चिकटलेला, लंगड्या बदकासारखा. पण धावला. लाल केसवाल्याला त्याने गाठलं नाही, पण त्याच्या पुढ्यात जाऊन तो पडला, अक्षरशः पडला, आणि चेंडू त्याच्या पोटाला लागून बाहेर गेला. उठला तेव्हा पांढरी चड्डी पार काळी झाली होती. स्टँडमधून आधी हशा आला, मग टाळ्या.

त्यानंतर त्याने जे केलं ते मी पाहिलं म्हणून लिहितो, दुसऱ्याने सांगितलं असतं तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं. एकदा गोलरेषेवरून डोक्याने चेंडू काढला. एकदा लाल केसवाल्याच्या पायांत शिरून तोंडावर बूट खाल्ला आणि रक्त थुंकून परत उभा राहिला. ज्या अर्ध्या क्षणात तो हात वर करायचा, तोच अर्धा क्षण आता त्याच्या पायांत आला होता. सगळ्यांच्या आधी त्याला कळायचं, आणि आता कळल्यावर तो जायचा. चौतिसाव्या वर्षी माझा मेव्हणा फुटबॉल खेळायला लागला. मी मागून ओरडलो, "शाबास विल्फ!" आणि मलाच माझी शरम वाटली, इतकी मला त्याला शिव्या द्यायची सवय होती.

एक गोल आम्ही केला, एक त्यांनी केला, आणि एकेकावर मॅच संपत आली. बरोबरी झाली असती तर पुढच्या आठवड्यात परत खेळावं लागलं असतं. आमचे सगळे कॉर्नरसाठी पुढे गेले होते. चेंडू परतला. कॅटलो आणि आमचा डावा बॅक, दोघेही अर्ध्या मैदानाच्या जवळ. लाल केसवाला आळशासारखा त्यांच्या बराच मागे, आमच्या हद्दीत रेंगाळत होता. त्याच्यापुढे मी एकटा. दोन नाहीत, तीन नाहीत, एक. जुन्या नियमाने ऑफसाइड, नव्या नियमाने ऑफसाइड. असा ऑफसाइड की चॅपलमधल्या आंधळ्या बाजावाल्यालाही दिसावा.

चेंडू सुटला. कॅटलोला अर्थात सुटायच्या आत कळलं. सगळा जोर लावून त्याचा उजवा हात वर निघाला. दोरा तुटला नाही. खाटकाचा दोरा तो. हात अडला, पण अंग निघालं होतं. तो स्वतःभोवती गरकन फिरला आणि डाव्या हातावर आदळून चिखलात बसला.

मी लाइन्समनकडे पाहिलं. तो कॅटलोकडे बघत होता. सगळ्या लाइन्समनांसारखा हाही त्या हाताची वाट बघत होता. हात नाही, म्हणून निशाण नाही. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, पण गोलकीपरचे हात वर असायचेच, त्यांच्याकडे कोण बघतो? कॅटलो चिखलात बसून "ऑफसाइड! ऑफसाइड!" ओरडत होता, ते मला ऐकू आलं नाही, नुसतं तोंड हललेलं दिसलं. कारण सगळा स्टँड एका आवाजात ओरडत होता. काय ओरडत होता?

"हात! लॉर्डसाहेब, हात!"

आणि संचालकांच्या बाकावर उभे राहून, टोपी हातात घेऊन, लालबुंद होऊन ब्रॅडिलसाहेब सगळ्यांपेक्षा वरच्या पट्टीत ओरडत होते, "अरे हात वर कर, गाढवा! हात वर कर!"

लाल केसवाला माझ्यापर्यंत आला तेव्हा त्यालाच खरं वाटत नव्हतं. तो थबकला, शिट्टीची वाट पाहिली, ती वाजली नाही, आणि त्याने चेंडू माझ्या डावीकडून आत ढकलला. रेफ्रीने मधल्या वर्तुळाकडे बोट दाखवलं, म्हणजे गोल कबूल, आणि आम्ही हरलो.

आम्ही कपडे बदलायच्या खोलीत परत आलो. हॉलगेट कॅटलोची जर्सी काढत होता. ओला दोरा आवळून दंडात रुतला होता आणि हात कोपरापासून बोटांपर्यंत निळा-जांभळा पडला होता. गाठ सुटेना. तेवढ्यात ब्रॅडिलसाहेब आत आले, मागे दारू गाळणारा आणि पेट्यांवाला.

"अपील का केलं नाहीस?" साहेब म्हणाले.

कॅटलोने त्यांच्याकडे पाहिलं. "हात बांधला होता, साहेब."

"कोणी?"

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, लबाडीही नव्हती. मागे बोर्डाची माणसं उभी होती आणि त्यांच्यासमोर साहेबांना खरोखरच काही आठवत नव्हतं.

"तुम्ही बांधला, साहेब," मी म्हणालो. "आमच्या सगळ्यांसमोर. ह्या बाकापाशी."

"टॅटरसॉल, गावात एकट्या माझ्याच दुकानात दोरा मिळतो का? आणि बांधला असेल, तर हातच बांधला ना? दुसरा होता. तोंड होतं. वर्षभर नको तेव्हा हात वर करतो, आणि जेव्हा हवा तेव्हा चिखलात फतकल मारून बसतो. असल्या माणसाचं बोर्डाने काय करावं?"

पेट्यांवाल्याने मान हलवली. दारू गाळणारा म्हणाला, "सभ्यपणाही राहिला नाही. चड्डी बघा."

साहेबांनी खिशातून चाकू काढला आणि दोरा पाठीवर कापला. मग तो छातीवरून, दंडावरून उलगडून घेतला, चिखल झटकला, बोटांभोवती नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला. "महिन्याअखेरीस घर खाली कर," ते म्हणाले आणि गेले. मी त्या माणसाच्या पाठीवर बूट फेकला. तो दाराला लागला. त्याबद्दल मला दोन आठवडे बाहेर बसवलं आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

कॅटलो बाकावर बसला होता. त्याने मला विचारलं, "ऑफसाइड होता ना रे?"

"हातभर होता, विल्फ. दहा हात होता."

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "सुटायच्या आधीच."

हात त्याचा लाकडासारखा लोंबत होता. त्याने उचलून बघितला, उचलला गेला नाही. मी त्याला सदरा घातला, कोट घातला, बटणं लावली. डोक्याला तेल लावायचं राहिलं. बाहेर हेटी गेटपाशी उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण साहेबांची मोटार निघताना तिने पाहिली होती आणि काचेतून त्यांनी तिला नमस्कार केला नव्हता. तिला तेवढं पुरलं.

गेटबाहेर शेदोनशे लोक थांबले होते. ॲकर्लीचे लोक, गिरणीतले, आमच्या गल्लीतले. त्यात असेही होते, ज्यांनी तासाभरापूर्वी त्याने गोलरेषेवरून चेंडू काढला तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. कॅटलो बाहेर आला तसा कोणीतरी एकाने उजवा हात सरळ वर केला. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. शेदोनशे हात वर, आणि त्यांच्याखाली दात काढलेली तोंडं. एक जण ओरडला, "असा, लॉर्डसाहेब, असा!"

मी मुठी वळल्या. एकाला तरी लोळवणार होतो. पण कॅटलो थांबला होता. त्याने त्या सगळ्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचा फुटलेला ओठ हळूहळू हसला. त्या मूर्खाला तो मान वाटला. त्याला वाटलं, आज तो कसा खेळला ते त्यांनी पाहिलं आणि त्याचीच खूण करून ते त्याला निरोप देत आहेत. त्याने डाव्या हाताने टोपी काढली आणि स्टँडकडे बघून तुकवायचा तशी मान तुकवली.

गर्दी खिदळली. तोही हसला.

मी हेटीच्या कानात म्हणालो, "ह्याला कळलं नाही. सांगू का?"

तिने त्याचा मेलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला होता आणि चोळत होती. डोळे कोरडे होते आणि इतका राग मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

"सांगितलंस तर परत माझ्या दारात पाय ठेवू नकोस," ती म्हणाली. मग त्याला म्हणाली, "चल विल्फ, पाणी तापवून ठेवलंय," आणि त्या लोकांमधून त्याला घेऊन गेली.